ग्लासातला गाळ

९ ऑक्टोबर १९७८

नोकरीचा पहिला आठवडा संपला. मिन्या शहरातल्या आरोग्य तंत्रज्ञांच्या संस्थेत दोन वर्षे शिकत होते तेव्हा वाटायचे, पांढरा कोट घालून मोठमोठी कामे करीन. प्रत्यक्षात सगळ्या नज्लत बूस गावाची लघवी माझ्या टेबलावर येऊन बसली आहे. आमच्या गावाच्या आरोग्य केंद्रात वीज नाही. मायक्रोस्कोपच्या आरशात उजेड खिडकीतून घ्यावा लागतो, म्हणून काम भर दुपारचे. ते एका अर्थी बरेच, कारण बिलहार्झियाची अंडी दुपारीच जास्त पडतात. नाईलच्या कालव्यांच्या पाण्यात उभे राहिले की हा किडा पायातून अंगात शिरतो, मूत्राशयाशी घर करतो आणि तिथेच अंडी घालतो. मग लघवी लाल होते.

माणसाला आधी केंद्राच्या जिन्यावरून चार वेळा वरखाली करायला लावायचे, मग बाटली द्यायची. शेवटचे थेंब महत्त्वाचे, हे प्रत्येकाला सांगावे लागते आणि प्रत्येक जण माझ्याकडे न बघता ऐकतो. बाटलीतले निमुळत्या ग्लासात ओतायचे. एक तास धक्का लागू द्यायचा नाही. वरचे पाणी अलगद काढून टाकायचे, तळाचा गाळ थेंबभर काचेवर घ्यायचा, वर पातळ झाकणकाच. आणि मग डोळा लावायचा.

आज मुतवल्लीकाकांची बाटली आली. आमच्या समोरच राहणारे न्हावी, सगळ्या गावाच्या दाढ्यांवर आणि भानगडींवर यांचा हात. लघवी लालभडक! रात्री जेवताना मी आईबाबांना सांगितले, "मुतवल्लीकाकांनी बाटली आणली की करकदेचं सरबत आणलं तेच कळेना. मी साखर शोधत होते." आई हसून हसून ठसकली. बाबासुद्धा हसले. पण जेवणानंतर आईने नेहमीप्रमाणे खरोखरच करकदेची लाल फुले उकळली तेव्हा म्हणाले, नको, आज पोट भरलंय.

१३ ऑक्टोबर

आईच्या पोटात काही राहत नाही. करकदेची गोष्ट गावच्या बायका भाकरी भाजतात त्या तंदूरवर गेली, तिथून सगळ्या गावात. मुतवल्लीकाका आज रस्त्यात म्हणाले, "काय गं इन्शिराह, आमचं सरबत आवडलं का?" मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण त्यांनीच पुढे सांगितले, "अगं, लाल मुततो तो मर्द. माझ्या आजोबांचंही लालच होतं. ज्याचं लाल नाही त्याला आमच्या वेळी मुलगी देत नसत."

घरी बाबांना हे सांगितले. ते कुदळीचा दांडा घासत बसले होते. म्हणाले, "सगळ्यांचं असंच घरी येऊन सांगणार का तू?"

"फक्त गमतीचं सांगते, बाबा."

"हं," म्हणाले, आणि घासत राहिले.

२ नोव्हेंबर

गावाच्या तपासणीत आज आमच्या गल्लीचा नंबर. बाबा काही केल्या केंद्रात येईनात. उद्या, परवा, कालवा अडलाय, कारकून बोलावतोय. शेवटी आईच आज दोन बाटल्या घेऊन आली, एक तिची, एक बाबांची. "त्यांना वेळ नाही गं, घरीच घेतली. दुपारचीच आहे."

बाबा वीस वर्षे सरकारी कालव्यांचा गाळ काढतात, कमरेइतक्या पाण्यात. दोघांच्या दोन-दोन, अशा चार काचा केल्या. चारही स्वच्छ! एक अंडे नाही, रक्ताचा एक कण नाही. चपट्या पेशी तेवढ्या खूप दिसल्या, तव्यावर अंडे फोडावे तशा पसरट, मध्ये ठिपका. त्यांच्याबद्दल संस्थेत काहीतरी सांगितले होते, परीक्षेत आले नाही म्हणून विसरले. आईच्या आणि बाबांच्या काचेत काडीचा फरक नाही. पंचवीस वर्षांचा संसार, दुसरे काय होणार!

केंद्राचे डॉक्टर वदीअ म्हणाले, "कालव्यातला माणूस आणि स्वच्छ? पुन्हा एकदा मागवा." मला राग आला. माझे बाबा म्हणजे काय मुतवल्ली न्हावी? तरी मागवली. आईने तासाभरात घरून दुसरी आणून दिली. स्वच्छ. मी नोंदवही डॉक्टरांच्या नाकासमोर धरली आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगितले की माझ्या बाबांच्या, अब्दुल मक्सूदच्या अंगात किडा शिरत नाही.

बाबांना आमच्याकडे 'अबू इन्शिराह' म्हणून चिडवतात. मुलगा नाही, म्हणून मुलीच्या नावाने बाप. ते चिडत नाहीत. आज मी बातमी दिली तेव्हा म्हणाले, "बाप कालव्यातला गाळ काढतो, लेक ग्लासातला. वा, डॉक्टरीणबाई." पण चेहऱ्यावर म्हणावा तसा आनंद दिसला नाही. थकले असतील.

२१ जानेवारी १९७९

कालवे बंद. वर्षातून एकदाच पाणी तोडतात, तेव्हा बाबांना श्वास घ्यायला फुरसत नसते. संध्याकाळी कंबर धरून येतात. मी चोळून देते म्हटले तर नको म्हणतात.

२५ ऑगस्ट

ईदला पहिल्यांदाच माझ्या पैशाने काही केले. बाबांसाठी पांढरा शुभ्र पायघोळ झगा, गल्लाबिया शिवून घेतली, मिन्याच्या शिंप्याकडून. मला वाटले नमाजाला घालून मिरवतील. तर हे जुनीच गडद निळी घालून गेले. पांढरी घडी करून पेटीत. विचारले तर म्हणे, "मळेल गं. माझ्यासारख्याला कशाला पांढरं?" आता बाबांच्या सगळ्या गल्लाबिया निळ्या नाहीतर काळ्या. मी रडले, आणि त्यांनी ते पाहिले, आणि तरीही घातली नाही.

६ नोव्हेंबर

दुसऱ्या वर्षाची तपासणी. बाबांची बाटली पुन्हा आईच्या हाती. स्वच्छ. तशाच चपट्या पेशी. यंदा गोळ्या आल्या आहेत, पंधरा दिवसांच्या अंतराने तीनदा घ्यायच्या की मुतवल्लीकाकांसारखेही बरे होतात. त्यांची आजची काच स्वच्छ आली. म्हणाले, "माझी मर्दानगी धुऊन टाकलीस की पोरी." बाबांना गोळ्यांची गरजच नाही. मी त्यांचे नाव यादीतून स्वतः काढले.

४ मे १९८०

लिहायला लाज वाटते. पण इथे नाही लिहिणार तर कुठे?

सत्तूता म्हणून एक विधवा आहे. कालव्याच्या टोकाला, बोरूच्या बेटाआड तिची झोपडी. बदके पाळते. बाबा तिच्याकडे जातात. मुतवल्लीकाकांनीच मला बाजूला घेऊन सांगितले, "मी काही बोलत नाही बाई, पण अबू इन्शिराह पहाटे तिकडे दिसतो आणि दुपारीही दिसतो." मी आज स्वतः पाहिले. तिच्या दोरीवर बाबांची निळी गल्लाबिया वाळत होती.

आता सगळे जुळते. कपडे आईला धुऊ देत नाहीत. बैठकीत बसले की दर घटकेला उठून जातात. आईजवळ झोपत नाहीत, अंगणात बाज टाकतात. आई म्हणते, "पुरुषांचं असतं काहीबाही." भोळी आहे. किंवा मुलगा दिला नाही म्हणून तोंड मिटून बसली आहे.

५ मे

विचारले. अंगणात, आई पाणी भरायला गेली तेव्हा.

"सत्तूताच्या दारात काय करता तुम्ही?"

बाबांच्या तोंडावरचा रंग उडाला. मग अगदी सावकाश तो परत आला. मला चांगले आठवते, सुटल्यासारखे दिसले ते.

"तुला कुणी सांगितलं?"

"दोरीवर तुमचे कपडे आहेत. आणखी कुणी सांगायला हवं? मुलगा हवाय का तुम्हाला? मी पुरत नाही?"

ते उठून उभे राहिले. म्हणाले, "असेल तसंच समज."

असेल तसंच समज! मी म्हटले, मग माझ्याशी बोलू नका. आणि ते 'बरं' म्हणाले. बरं!

२९ ऑक्टोबर

सहा महिने झाले. एका घरात राहतो, एका ताटात हात घालतो, बोलत नाही. आईमार्फत निरोप. बाबा खूप वाळले आहेत. या वयात दोन घरे सांभाळायची म्हणजे वाळणारच.

तिसऱ्या वर्षाची बाटली आईने आणली. दोनऐवजी एकच काच केली, वरवर पाहिली. स्वच्छ. नोंदवहीत 'अब्दुल मक्सूद: निरंक, चपट्या पेशी भरपूर' लिहिले आणि पान उलटले.

१५ जानेवारी १९८१

कालवे बंद झाले आणि बाबा कामावर गेले नाहीत. बावीस वर्षांत प्रथमच. कारकून बोलवायला आला तर आईने सांगितले, बरं नाही. मी आतून ओरडले, "बोरूच्या बेटात जायला बरं असतं वाटतं!" अंगणात बाज करकरली.

१७ फेब्रुवारी

आज दुपारी सत्तूता केंद्रात आली. डोक्यावर टोपली, टोपलीवर फडके. मी म्हटले, "इथे काय काम आहे तुझं?" तिने टोपली माझ्या टेबलावर ठेवली, माझ्या ग्लासांच्या मध्ये, आणि फडके काढले. खाली बाबांची निळी गल्लाबिया होती. निळ्यावर रक्त काळे दिसते.

"बघ," म्हणाली. "दोन वर्षं तुझा बाप माझ्या मागच्या ओट्यावर हे धुतो. मला म्हणाला, सत्तूता, घरी कळता कामा नये, लेकीला कळता कामा नये. मी कबूल केलं. गावानं मला नावं ठेवली, ठेवू दे, माझं काय जातंय? पण आज तो वाकून बसला तो उठेना. गोळे पडतात गं रक्ताचे. शहाणी ना तू? लोकांचं मूत बघतेस, बापाचं तोंड कधी पाहिलंस?"

मी म्हटले, त्यांची लघवी स्वच्छ आहे. तीन वर्षांची नोंद आहे. मी खरोखर नोंदवही उघडून तिला दाखवली. तिला वाचता येत नाही.

आणि वही उघडी असतानाच मला ते आठवले. 'चपट्या पेशी भरपूर', तीनही वर्षे, माझ्याच अक्षरात. संस्थेतल्या बाई फळ्यापाशी उभ्या राहून सांगत होत्या: या पेशी बायकांच्या नमुन्यात ढिगाने येतात. पुरुषाच्या नमुन्यात एवढ्या दिसल्या तर विचारा, बाटली कुणाची आहे.

घरी आईला विचारले. ती पीठ मळत होती. "माझीच होती," म्हणाली, अगदी सहज. "दोन्ही बाटल्या मीच भरायची. म्हणाले, लेकीसमोर ती बाटली कशी ठेवू? तेही खरंच ना गं. लाल तर त्यांचं लहानपणापासून आहे. इथल्या पुरुषांना असतंच. मला काय माहीत त्यात एवढं असतं." मग माझा चेहरा पाहून तिचे हात पिठातच थांबले. "इन्शिराह, मी काही चूक केली का?"

१८ फेब्रुवारी

बाबांना गाढवावर बसवून केंद्रात आणले. जिन्यावर चढवले नाही. आतल्या खोलीत बाटली दिली. बऱ्याच वेळाने बाहेर आले आणि त्यांनी ती स्वतःच्या हाताने माझ्या हातात दिली. दोघांनीही खाली पाहिले नाही.

ग्लास भरला. तास थांबायचे होते. नऊ महिने आम्ही बोललो नव्हतो. तेच म्हणाले, "याला धक्का लागू द्यायचा नाही ना?"

"नाही."

"पाणी आणि गाळाचं तसंच असतं. घाई केली की पुन्हा गढूळ."

मी म्हटले, "बाबा, का?"

ते ग्लासाकडे बघत बोलत राहिले. "मुतवल्लीचं तू जेवताना सांगितलंस. मी हसलो. हसताना वाटलं, उद्या माझं बघेल. दुसरं कुणी असतं तर चाललं असतं गं. पण तू? म्हणून पहिल्यांदा तुझ्या आईला म्हटलं. मनात होतं, पुढच्या खेपेला खरी देऊ. तर तू सगळ्या गावाला सांगत सुटलीस, माझ्या बाबांच्या अंगात किडा शिरत नाही. डॉक्टरशी भांडलीस. मग तुला खोटं कसं पाडू?"

"आणि सत्तूताचं? ते खरं नव्हतं तर मला का बोलू दिलंत?"

यावर हसले. दात सैल झालेत त्यांचे. "ते बरं होतं. त्यात बापाची लाज जाते, पण पुरुषाची राहते."

गाळ बसला. अर्ध्या ग्लासापर्यंत बसला. वरचे पाणी काढायला गेले तर बाबांनीच ग्लास धरला. काच लावली. एका नजरेत मावत नाहीत इतकी अंडी, रक्ताच्या दाटीत. बरीचशी काळी पडलेली, जुनी. काही जिवंत, आत वळवळणारी. आणि त्यांच्यामध्ये दुसरेच काही. मोठ्या, वेड्यावाकड्या पेशी, काहींना शेपूट, काही घोळक्याने एकमेकींवर चढलेल्या. त्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"मला दाखव की," बाबा म्हणाले.

मी काच थोडी सरकवली, फक्त अंडी दिसतील अशी. त्यांनी एक डोळा हाताने झाकून पाहिले. श्वास आरशावर पडत होता, मी तो पुसत होते.

"हा टोकाला काटा कसला?"

"तो आत टोचतो, बाबा. त्यानंच रक्त येतं."

"एवढासा?" म्हणाले. डोळा काढेनात. "एवढ्याशासाठी आपण बोललो नाही?"

डॉक्टर वदीअ आले, बसले, काच सरकवली. ती एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाहिली. मग मला म्हणाले, "बाबांना चहा द्या."

२६ फेब्रुवारी

मिन्याच्या मोठ्या रुग्णालयात दाखवले. कर्करोग. मूत्राशयातून बाहेर पसरलेला. तिथले शल्यवैद्य स्पष्ट बोलणारे होते. गेल्या उन्हाळ्यात आणला असता तर पिशवी काढून टाकून माणूस वाचवता आला असता, म्हणाले. मग विचारले, घरात कुणी शिकलेलं नव्हतं का? आईने माझ्याकडे बोट केले. तिला वाटले, ते कौतुकाने विचारत आहेत.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना विचारत होते, मी पुरत नाही का.

१९ मार्च

आई रोज स्वतःला शिव्या देते. मी तिला सांगते, चूक माझी. ती म्हणते, नाही, बाटल्या मी भरल्या. दोघी भांडतो, बाबा बाजेवरून म्हणतात, "अगं, वाटून घ्या, भरपूर आहे." मग तिघेही हसतो, आणि हसू थांबले की काय करावे कुणालाच कळत नाही.

सत्तूता रोज येते. बदकाचा रस्सा आणते, आईजवळ बसते, कपडे नेते. आता पुढच्या दाराने येते.

११ एप्रिल

बाबांनी आज पेटी उघडायला लावली. पांढरी गल्लाबिया हवी म्हणाले. मी म्हटले, बाबा, आत्ता? डाग पडतील. म्हणाले, "पडू देत. तुला माहीत आहेत ना आता."

घातली. मोठी झाली होती, खांद्यावरून घसरत होती. दोन तास अंगणात बसले, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले, लेकीनं पहिल्या पगारातून शिवलीय. खरे तर पहिल्या पगारातून नव्हती. मी हो म्हणत राहिले.

मुतवल्लीकाकांनी तिथेच त्यांची दाढी केली. जाताना दारात थांबून भिंतीकडे तोंड करून रडले.

३ मे

बाबा गेले. पहाटेच्या अजाननंतर.

दुसरे काही लिहिता येत नाही.

२० जून

बाबांचा चाळिसावा दिवस गेल्या आठवड्यात झाला. कामावर दहा दिवसांपूर्वीच परतले होते. डॉक्टरांना विचारून एक बदल केला. बाटलीवर आता नाव नाही, आकडा. आकड्याची यादी डॉक्टरांच्या कुलपात. आणि पुरुषांना बाटली द्यायला आतल्या खोलीत वेगळी खिडकी. बाटली तिथे ठेवायची आणि निघून जायचे, मी नंतर उचलते. घरून आणलेली बाटली घ्यायची नाही. या दहा दिवसांत अठ्ठावीस पुरुष असे आले जे तीन वर्षांत कधी आले नव्हते, किंवा ज्यांच्या बायका बाटल्या घेऊन येत होत्या. जुनी नोंदवही काढून चपट्या पेशींच्या नोंदी शोधते आहे. बाबांसारखे आणखी सात जण सापडले. सातही घरी डॉक्टर स्वतः जाऊन आले. दोघांची काच वाईट आहे, पण बाबांसारखी नाही अजून. वेळ आहे.

बाबांच्या काचेवर मी नाव लिहिले नव्हते. ती टेबलाच्या खणात आहे. गाळ केव्हाच वाळून गेला, त्यात काही दिसत नाही. तरी दुपारचा उजेड चांगला असला की एकदा लावून बघते.

आज एक म्हातारा खिडकीशी घुटमळत होता. बाटली ठेवून जायचे सोडून आत डोकावला. "पोरी, ही कुणाची ते तुला कळणार नाही ना?"

"नाही, काका."

"आणि कळलं तर?"

"तर मी बघीन आणि गोळ्या देईन. बाकी काही नाही."

मग तो बाटली माझ्या हातात देऊन गेला.

संध्याकाळी आई आणि सत्तूता अंगणात बसल्या होत्या. तंदूरवरून मक्याची पातळ भाकरी, बत्ताव आला होता. तिघींसाठी एकच ताट. आईला मला बोलते करायचे होते, हे दिसत होते. पूर्वीसारखे तोंडभर हसू आणून तिने विचारले, "मग, आज काय काय दिसलं गं ग्लासात?"

मी म्हटले, "काही नाही, आई. बत्ताव दे."